तांब्याच्या छपराची हकीकत

सूर्यनारायणाची धर्मपत्नी श्रीछायामाता प्रसन्न असो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, चैत्रमासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही.

त्या राज्यी श्रीमंत रत्नाजीराव महाराज गादीवर होते. शूर, दानी, प्रजेस प्रिय. दोष म्हणावा तर एवढाच की, आपली केलेली गोष्ट चुकली ऐसे म्हणणे त्यांस फार जड जात असे. कारभारी विसाजीपंत मोठे अकलवंत आणि धन्याचा हा दोष पुरता ओळखून होते. मागले साली विसाजीपंतांनी मसलत दिली की, "शेजारचे राज्यात देवळास तांब्याचा कळस आहे. आपण अवघ्या महालास तांब्याचे छप्पर करावे, म्हणजे चार कोसांवरून दौलत नजरेस येईल." मसलत पसंत पडली, आणि महालावरील जुने हातभर जाडीचे मातीचे धाबे खणून काढिले, आणि सागवानी फळ्यांवर तांब्याचे पत्रे ठोकिले, आणि कार्तिकात वास्तुशांत जाहली. छप्पर ऐसे झळकले की आकाशमार्गे जाणारे बगळे वळसा घालून जाऊ लागले. महाराज बहुत संतोष पावले. मार्गशीर्ष, पौष, माघ सुखाचे गेले, फाल्गुनही निभावला, मग चैत्र लागला.

दरबार वडिलांचे वेळेपासून ऐन माध्यान्ही भरत असे. चैत्र शुद्ध द्वितीयेस चिटणिसांची शाई दौतीतच आटली, आणि चतुर्थीस एक वृद्ध मानकरी मुजऱ्यास वाकले ते वाकलेलेच राहिले, मग चौघांनी उचलून अंगणात निंबाखाली नेले, तेथे शुद्धीवर आले. महाराजांनी विचारिले, "हा उष्मा कशाचा?" छप्पर दरबारातील प्रत्येकाचे डोकीवर होते, परंतु कोणाचे तोंडी आले नाही. विसाजीपंत बोलिले, "महाराज, यंदा उन्हाळाच जहाल आहे." मग दारोदारी वाळ्याचे पडदे सोडिले आणि त्यांवर पाणी मारिले, तेणेकरून पायास गारवा आला, डोके पूर्ववत भाजत राहिले. मग पिलखान्यातून दोन हत्ती आणिले आणि सोंडेने छपरावर पाणी उडविले, ते पत्र्यास लागताच चुरचुरून वाफ जाहले, आणि पाचवे दिवशी नगरातील थोरल्या विहिरीचा तळ दिसला, आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन देवडीवर आल्या. हत्ती माघारे पाठविले.

इकडे अंतःपुरी थोर चिंता उद्भवली. राणीसाहेब रेणुकाबाई माघमासी प्रसूत जाहल्या होत्या, कन्यारत्न होते. त्यांचे दालन वरले मजल्यावर, पत्र्याचे लगत. चैत्र चढला तशी राजकन्या दूध घेईना, प्रथम रडत होती, मग रडणेही सोडिले आणि मान टाकून पडून राहू लागली. राजवैद्यांनी मात्रा दिली, ज्योतिष्यांनी ग्रहशांत सांगितली, दृष्ट काढिली, उतार पडेना. शेवटी ज्या सुइणीचे हाती बाळंतपण जाहले त्या साळूबाईस बोलाविले. ती वेशीबाहेर राहत असे. तिने आल्याआल्या मुलीची टाळू चाचपली, ओठ पाहिले, मग वर आढ्याकडे पाहिले. महाराज तेथेच उभे होते.

"काय दुखणे आहे?" महाराज पुसते जाहले.

साळूबाई बोलिली, "म्हाराज, लेकराला ताप न्हाई. घराला ताप हाय. त्यो लेकराला बाधतोय."

विसाजीपंत दाराशी होते, ते बोलिले, "बाई, बोलताना जागा पाहावी."

"जागाच बघतेय, पंत. हितं पीठ ठेवलं तर भाकरी हुईल."

महाराज निघून गेले. राणीसाहेबांनी त्यांची पाठ पाहिली, मुलीचे तोंड पाहिले, मग साळूबाईस विचारिले, "तुझ्या घरी हिला झोप लागेल?" ती म्हणाली, "लागंल. पर आमचं घर लहान हाय." राणीसाहेब बोलिल्या, "हीही लहानच आहे." मग पालखी मागविली नाही, भोयांची वाट पाहिली नाही. मुलीस ओल्या पंच्यात गुंडाळून पदराखाली घेतले आणि भर दुपारी, राजस्त्रीने कधी न केले ऐसे, पायी चालत वेशीबाहेर गेल्या. दोन हुजरे छत्री घेऊन मागे धावले. नगरलोक दारात उभे राहून पाहत होते.

महाराजांस खबर लागली तेव्हा मर्जी फार खप्पा जाहली. "राणीसाहेब आम्हांस न सांगता गेल्या," ऐसे दोन वेळ बोलिले, आणि तिसरे वेळी आवाज उतरला. मग घोडा मागविला आणि परत आणावयाचे निश्चयाने एकटेच गेले. साळूबाईचे घर दोन खणांचे, मातीच्या धाब्यावर चुन्याचा पांढरा लेप, आणि एके अंगास भोपळ्याचा वेल वर चढून निम्मे छप्पर झाकून राहिला होता. महाराज दार बुटके म्हणून वाकून आत शिरले. आत अंधुक आणि थंड. राजकन्या आईचे मांडीवर दूध पीत होती, आणि पिण्याचा आवाज येत होता. महाराजांनी पागोटे उतरून हाती घेतले आणि भुईवर बसले.

मग साळूबाईस म्हणाले, "तुझे घरी ऊन येत नाही काय?"

"येतं की, म्हाराज. सगळ्यांच्याच घरावर येतं. पांढऱ्या चुन्यावर निम्मं परततं, ऱ्हायलेलं वेल खातो, आन् उरलंसुरलं मातीत मुरतं. आत यायला काय उरत न्हाई."

महाराज उठिले. राणीसाहेबांस चला म्हणाले नाहीत. परत येऊन विसाजीपंतांस बोलाविले आणि दोघे शिडी लावून महालाचे छपरावर चढले. महाराजांनी पत्र्यावर तळहात टेकिला आणि चटकन काढिला, तो तळहातास फोड आला.

"विसाजीपंत, चूक जाहली."

"कोणाची, महाराज?"

"आमची."

विसाजीपंत खाली मान घालून बोलिले, "मसलत माझी होती. उष्मा मलाही लागत होता. बोलवले नाही."

"आम्ही बोलू दिले नाही," महाराज बोलिले, आणि उभयता शिडीवरून उतरले.

दुसरे दिवशी साळूबाईचा दीर येल्लोजी गवंडी यास बोलावून काम सांगितले. येल्लोजीने प्रथम सारे पत्रे उतरविले, आणि महाराजांनी त्या तांब्याच्या घागरी घडवून ज्या बायका देवडीवर आल्या होत्या त्यांस वाटिल्या. मग कुंभारवाड्यातून लहान मडकी आणिली आणि फळ्यांवर उपडी, एकास एक लागून, ओळीने मांडिली. "मडक्यात वारा कोंडून ऱ्हातो, म्हाराज. त्यातनं ऊन खाली उतरत न्हाई," ऐसे सांगितले. त्यांवर चुना, वीटचुरी, गूळपाणी आणि बेलफळाचा गर यांचा थर पिटून बसविला, आणि शेवटी निवळ चुन्याचे हात देऊ लागला. तेव्हा विसाजीपंतांस शंका आली की, "अवघे छप्पर पांढरे जाहले म्हणजे लांबून शरणागतीचे निशाण दिसेल. शेजारचे काय समजतील?" महाराज बोलिले, "समजू द्यावे. सूर्यापुढे शरण जाण्यात अब्रू जात नाही." मग चुन्याचे पाच हात जाहले. तोवर दरबार सकाळी भरत होता. त्यास वडिलांचा आधार नव्हता, परंतु कोणी आधार विचारिलाही नाही.

वैशाख वद्य पंचमीस काम पुरे जाहले. महाराज साळूबाईचे दारी गेले आणि राणीसाहेबांस म्हणाले, "आता चलावे."

राणीसाहेब बोलिल्या, "गेल्या खेपेसही कारागिरांनी काम उत्तम जाहले म्हणूनच सांगितले होते. आपण स्वतः आमचे दालनात भर दुपारी निजून पाहावे. झोप लागण्याजोगे असेल तर निरोप पाठवावा. निरोप येताच येते."

महाराजांस हे रास्त वाटले. माध्यान्ही वर गेले, साधी चटई टाकविली, पंखेवाल्यास बाहेर घालविले आणि दार लोटून घेतले. इकडे राणीसाहेब मुलीस न्हाऊ घालून, बोचके बांधून, उंबऱ्यात बसल्या. एक प्रहर गेला, निरोप आला नाही. साळूबाई म्हणाली, "जमलं नसंल, बाईसाहेब." राणीसाहेब वाट पाहत राहिल्या. दुसरा प्रहर सरत आला, उन्हे भिंतीवरून उतरली, तरी निरोप नाही. तेव्हा राणीसाहेबांचे मुखावर कित्येक दिवसांनी हसू आले. त्यांनी साळूबाईचे हातात हात दिला, मुलीस उचलिले आणि महालाकडे निघाल्या. वर जाऊन दार अलगद ढकलिले, तो महाराज चटईवर कुशीस वळून गाढ निजलेले, आणि फोडाचा वण असलेला हात उशाशी. राणीसाहेबांनी राजकन्येस त्यांचे शेजारी ठेविले. तिने एक जांभई दिली आणि तीही निजली.

सारांश, सर्वजितनाम संवत्सरी त्या राज्याने गड घेतला नाही, मुलूख मिळविला नाही. राजकन्या दुपारी झोपू लागली. साल बरे गेले. येथे लेखणी पुसिली, दौत झाकिली.