समुद्राची रंगीत तालीम

डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नाही. "आत्ता तुमच्या आई तुम्हाला ओळखतात, गप्पा मारतात, आपल्या हाताने जेवतात. हे किती टिकेल ते मी सांगू शकत नाही. त्यांना समुद्र दाखवायचाय म्हणता ना? मग लवकर दाखवा. पुढे त्या बघतील, पण काय बघतोय ते त्यांना कळायचं नाही."

दुसरा कुणी असता तर दवाखान्यातून थेट तिकिटं काढायलाच गेला असता. पण हा गृहस्थ रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. दर महिन्याला आगीच्या तालमीचा भोंगा वाजवायचा, सगळा कारखाना रांगेने मैदानात काढायचा आणि बाहेर येताना कोण हसलं, कोण चहाचा कप घेऊन आलं ते पाहून त्यांना झापायचं, हे त्याचं काम. कामगार त्याला पाठीमागे 'भोंगा' म्हणत. त्याच्या कारकिर्दीत कारखान्यात एकदाही आग लागली नव्हती. इतक्या तालमी पाहून आगीनेच नाद सोडला असावा, असं त्याच्या बायकोचं मत होतं.

घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. दूर दक्षिणेला एक उबदार किनारा होता आणि किनाऱ्याला लागूनच कुठल्याशा जुन्या नगराचे अवशेष. मोडके खांब, छप्पर उडालेल्या भिंती, उन्हात तापलेल्या पायऱ्या. वडील आईला आयुष्यभर सांगत आले होते की निवृत्त झालो की आपण तिथे जाऊ. ते निवृत्त झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात वारले. आईने पुन्हा कधी विषय काढला नाही, पण टीव्हीवर पाणी दिसलं की ती हातातलं काम थांबवायची.

"पुढच्या आठवड्याची तिकिटं मिळतायत," बायको म्हणाली.

"तालमीशिवाय?" त्याने असं विचारलं, जणू तिने त्याच्या आईला खिडकीतून खाली सोडायला सांगितलं होतं. "आई विमानात घाबरली तर? पायरीवरून घसरली तर? पाण्यात पाय सटकला तर? कारखान्यात मी एवढ्या लोकांना सांभाळतो, माझ्या आईला असंच घेऊन जाऊ?"

"माणसं सहलीला जातात हो. ती आगीतून बाहेर पडत नाहीत."

पण ऐकेल तो भोंगा कसला. रविवारी दिवाणखान्यात विमान उभं राहिलं. घरातल्या सगळ्या खुर्च्या एकामागे एक लागल्या, कॉलेजातली मुलगी हवाईसुंदरी झाली आणि तोंड वाकडं करत पाणी वाटू लागली. आईने मांडीवर पिशवी घट्ट धरली आणि खिडकीजवळची जागा मागितली. मग सगळं विमान उचलून खिडकीशी नेलं. विमान सुटलं, उतरलं, आणि मधे एकदा आईला बाथरूमलाही जाऊन यायला लावलं. त्याने गळ्यातली शिट्टी वाजवून तालीम संपल्याचं जाहीर केलं.

"पिशवी फार जड आहे," तो म्हणाला. "तालीम पुन्हा घ्यावी लागेल."

पुढच्या रविवारी अवशेष झाले. घरामागे एक जुनी गिरणी अर्धी पाडून ठेवलेली होती. तिथल्या पहारेकऱ्याला गाठून त्याने परवानगी काढली आणि भर दुपारी, टोपी घालून, आईला विटांच्या ढिगाऱ्यांतून फिरवलं. पुढे तो शिट्टी घेऊन, मधे आई, मागे बायको छत्री घेऊन आणि मुलगी पाण्याची बाटली घेऊन. सगळ्यांचे चेहरे असे पडलेले की पहारेकऱ्याने टोपी काढली.

"घरातलं कुणी या ढिगाऱ्याखाली गेलं होतं का हो?" त्याने हळूच विचारलं.

आईला मात्र जागा आवडली. एका मोडक्या भिंतीवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. "केवढं मोठं असेल नाही पूर्वी," ती म्हणाली. पण तिच्या चपलेचा पट्टा दोनदा निसटला, म्हणून भोंग्याने सहल पुढे ढकलली. नवीन चपला आल्या. त्या चावल्या. सहल आणखी पुढे गेली.

"बाबा, आपण जाणार आहोत का नुसताच सराव करणार आहोत?" मुलीने विचारलं.

"सराव झाल्याशिवाय जाणार नाही."

"आणि आजी?"

त्याने नव्या चपलेचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला. खरं सांगायचं तर तो मनातून पार घाबरलेला होता. आईचं आजारपण त्याच्या हातात नव्हतं. चपलेचा पट्टा हातात होता. म्हणून तो पट्ट्याच्या मागे लागला होता, आणि इकडे आईने परवा भाजीवालीला शेजारीण समजून घरात बसवलं होतं. बायकोला हे दिसत होतं, पण त्याला सांगितलं की तो उठून छताचा पंखा तपासायचा.

समुद्राची तालीम गच्चीवर झाली. खालच्या बांधकामावरून वाळू आली, मोठा टब आला, पाण्यात मीठ पडलं. ऊन तर फुकटचंच होतं. मुलगी पुठ्ठ्याच्या तुकड्याने पाणी हलवून लाटा काढत बसली. आईने पाय पाण्यात घातले आणि ती हसली. किती तरी महिन्यांनी ती अशी मोठ्याने हसली. बायकोने चटकन तोंड फिरवलं. भोंग्याने शिट्टी वाजवली.

"बाहेर या, बाहेर या. जास्त वेळ नाही थांबायचं पाण्यात."

या वेळी मात्र चूक एकही निघाली नाही. पट्टा टिकला, टोपी उडाली नाही, आई घसरली नाही. त्याने त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. जाण्याच्या आदल्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या.

"काय हो, सहल छान झाली म्हणे तुमची? आई अगदी रंगून सांगत होत्या. ते जुने खांब काय, पाणी काय."

"बघ," वर येऊन तो बायकोला म्हणाला, "सराव कसा अंगात मुरलाय तिच्या."

बायकोने कपाळाला हात लावला, पण बॅगा भरणं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात आली. बॅगा खाली गेल्या. आई घरातल्याच कपड्यांत पलंगावर बसून होती.

"आई, तू अजून तयार नाहीस? समुद्रावर जायचंय ना."

"परत कशाला? आत्ताच तर आलो. माझे पाय अजून दुखतायत."

"अगं, ती तालीम होती. तो समुद्र नव्हता. आपली गच्ची होती ती."

आईने त्याला नीट न्याहाळलं. मग सुनेला जवळ बोलावून आवाज खाली आणला. "याच्या हल्ली काही लक्षात राहत नाही का गं? डॉक्टरांना दाखवून आण. असलं दुखणं अंगावर काढू नये."

मुलीला हसू फुटलं आणि लगेच रडूही आलं, म्हणून ती टॅक्सीवाल्याला थांबायला सांगायच्या निमित्ताने खाली पळाली. भोंग्याने आईला तिकिटं दाखवली, फोटो दाखवले. आई ते फोटो ओळखीचे असल्यासारखे बघत होती. शेवटी त्याने तिचा दंड धरून तिला उठवायचा प्रयत्न केला, तशी ती आक्रसली.

"मला कुठे सोडायला नेताय तुम्ही?" तिने विचारलं.

त्याने हात सोडला. एवढ्या तालमी केल्या, पण आई त्यालाच घाबरेल हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. बायकोने खिडकीत जाऊन खाली मुलीला हातानेच 'टॅक्सी नको' अशी खूण केली. मग तो आईच्या शेजारी पलंगावर बसला, बुटासकट.

"कसा होता गं समुद्र?" त्याने विचारलं.

आईचा चेहरा हळूहळू सैल झाला. "गार होतं पाणी. पायाखालची वाळू सरकायची, की मी आपली ह्यांचा हात धरायची. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. किती वर्षं म्हणत होते नेतो नेतो, नेलं हो शेवटी. सूनबाई होती, ही पोरगी होती."

"आणि मी?"

"तू कुठे होतास? तुला कारखान्यातून रजाच मिळाली नाही. एक शिट्टीवाला मात्र होता मेला, सारखा मागे मागे. बाहेर या, बाहेर या. धड उभं राहू देईना. शेवटी ह्यांनी हाकलला त्याला."

त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"पुढच्या वेळी येईन मी," तो म्हणाला.

"असं तू दर वेळी म्हणतोस," आई म्हणाली.