मालोजीचं आवाळू

डोक्याच्या डाव्या अंगाचं आवाळू कापून मालोजी देवासला घरी आला, तेव्हा मोठ्या लिंबाएवढं ओझं उतरलं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, टाके निघेपर्यंत डोक्यावर काही चढवायचं नाही.

मालोजी पगडबंद. लाकडी साचा त्याने केव्हाच चुलीत घातला होता. पगडी तो स्वतःच्या डोक्यावरच बांधायचा. गिऱ्हाइकाची पगडी हलली, तर गिऱ्हाइकाचं डोकं वाकडं, असा त्याचा ठाम हिशेब. पण संस्थान विलीन झालं, दरबार गेला, गिऱ्हाइकंही गेली. आता कुठे दत्तोपंतांनी मुलाच्या लग्नाची पगडी सांगितली होती. ती साधली तर सगळ्या वऱ्हाडाच्या मिळणार. नाहीतर दत्तोपंत इंदूर गाठणार. आणि परवा वऱ्हाड कुक्षी गावाला निघायचं होतं.

"माझं डोकं काय लोणच्याला ठेवलंय?" बायको सगुणाबाई म्हणाली.

"नवऱ्यामुलाची पगडी बाईच्या डोक्यावर? दत्तोपंत ती नालीत फेकतील."

"त्यांना सांगायला कोण जातंय? बांधा."

शेवटचा पेच बसतो न बसतो, तोच ओटीवर खाकरणं ऐकू आलं. दत्तोपंतच. पगडी उतरवावी तर पेच सुटणार. सगुणाबाई तशीच खाटेवर चढली, घोंगडी मानेपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. मालोजी कोठीच्या दाराआड.

"काय मालोजी भिया, तबियत कशी आहे?"

घोंगडी कण्हली.

"अहो, डॉक्टरांनी मना केलं ना? पगडी घालून कसले बसता?" दत्तोपंत जवळ आले आणि थबकले. "पण बसलीय मात्र झकास. आता आवाळू गेलंच आहे, तर सांगून टाकतो. तुमच्या पगडीला डाव्या अंगाला खळगा असायचा. सगळं गाव आत चिंधी कोंबायचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही."

"कोण कोंबत होतं चिंधी?" मालोजी दाराआडून बाहेर आला.

दत्तोपंतांनी पट्टी बांधलेल्या मालोजीकडे पाहिलं. मग खाटेकडे. घोंगडीतून हिरव्या बांगड्यांचा हात निघाला आणि त्याने पगडी अलगद उतरवून पुढे केली.

मग दत्तोपंतांनी आपली टोपी काढली, पगडी स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. पगडी जागची हलली नाही.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "वऱ्हाडाच्या बाकीच्या पगड्या उद्या संध्याकाळपर्यंत होतील? आमच्या घरी मात्र बोलू नका."

टाके निघाले त्या दिवशी मालोजीने ऐटीत कापड स्वतःच्या डोक्याला लावलं. "झालो बरा. आता माझं मी बघतो."

"तुम्ही हात चालवा," सगुणाबाईने ते कापड काढून घेतलं आणि त्याच्यापुढे पाटावर बसली. "डोकं माझंच राहू द्या."