सुरकुत्यांना हात लावायचा नाही

विमानाच्या डाव्या पंखावर सुरकुत्या पडल्या आणि बायको हातातली पोळी तशीच टाकून धावत आली. विमानाची तिला काडीची पर्वा नव्हती. काळजी होती ती घराची.

नवरा निवृत्त बॉयलर निरीक्षक. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी त्याने घरातल्या सगळ्या वस्तू 'दुरुस्त' केल्या. परिणामी न्हाणीघरातला दिवा लावला की दाराची घंटा वाजायची आणि मिक्सर फक्त उलटा धरला तरच फिरायचा. शेवटी तिच्या भावाने त्याला विमानाच्या छोट्या प्रतिकृती बनवायचा नाद लावला. तेव्हापासून आठ महिने घर सुखात होतं.

"या वेळी प्रदर्शनात बक्षीस नाही मिळालं, तर हा पोरखेळ बंद," त्याने जाहीर केलं होतं. "मग मी आणि तो मोरीचा गळका नळ!"

आणि आता हे. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं, अख्ख्या पंखाएवढं डेकल, म्हणजे चिकटवायचं पातळ चित्र. पाण्यात भिजवून कागदावरून अलगद पंखावर सरकवायचं, वर मऊ करणारं द्रावण लावायचं. द्रावण लावलं मात्र, डेकल म्हाताऱ्याच्या गालासारखं आक्रसलं.

त्याने मेहुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दाजी, आक्रसतंच ते! वाळलं की आपोआप सपाट बसतं. फक्त हात लावू नका."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळपर्यंत? अरे, तेवढ्यात बॉयलर फुटतो!"

सहाव्या मिनिटाला त्याचं बोट पंखाकडे निघालं. बायकोने त्याच्या डोळ्यांवरचा चष्माच काढून घेतला.

"जा, केस कापून या."

"कुठले?"

खरं होतं, डोक्यावर एक केस नव्हता. तिने त्याला न्हाव्याकडे दाढीला पिटाळलं आणि चष्मा स्वतःजवळ ठेवला.

तास झाला. सुरकुत्या तसूभर हलल्या नाहीत, उलट चांगल्या कडक दिसायला लागल्या. भाऊ म्हणतो आपोआप बसेल. या भावाला लहानपणी दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं की दूध उतू जायचं आणि हा म्हणायचा, "ताई, मी हात नाही लावला!" असल्याच्या शब्दावर मोरीचा नळ पणाला लावायचा?

तिने रुमाल गरम पाण्यात बुडवला, घट्ट पिळला आणि पंखावर दाबला. एक चुणी गेली. दुसरी गेली. तिसरीबरोबर अख्खा कोपरा सरकला. तिने जीभ चावली, केसातली पिन काढली आणि श्वास रोखून कोपरा जागेवर ढकलला. पुन्हा रुमाल. पंख असा बसला, जणू कारखान्यातूनच तसा आला होता. रुमालावर हिरवा डाग पडला, तो तिने तांदळाच्या डब्यामागे कोंबला.

नवरा आला, चष्मा चढवला आणि टुणकन उडाला.

"बघ! हात लावला नाही तर आपोआप बसलं!"

तिने तांदळाच्या डब्याकडे पाठ केली. "बसलं खरं."

रविवारी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मेहुण्याने पंखाला नाक लावून पाहिलं. "दाजी, खरंच हात नाही लावलात?"

"शपथेवर!" तो म्हणाला, आणि ती शपथ खरी होती.

त्याला एकच धडा मिळाला आणि तोही चुकीचा. त्या दिवसापासून त्याने कशालाही हात लावायचं सोडलं. अंथरूण तसंच, जेवलेलं ताट तसंच. महिन्याने मोरीचा नळ धो धो वाहायला लागला, तर खुर्ची ओढून समोर बसला.

"अहो, प्लंबरला बोलावते."

"खबरदार! उतावीळपणा नको. बसेल आपोआप. पंख नाही बसला?"

खरं सांगावं, तर पठ्ठ्या पुन्हा मिक्सर खोलायला बसेल. सांगू नये, तर घराची विहीर होईल.

तिने दोन्ही बाजूंचा विचार केला आणि त्याचा चष्मा मागितला.

"कशाला?"

"काचा पुसते. जा, दाढी करून या."

तो खाली उतरल्याची खात्री झाल्यावर तिने पदर खोचला आणि माळ्यावरून त्याची पान्यांची पेटी काढली.