बोरकुटे सरांचं मीठ

बोरकुटे सरांना लग्नाची पत्रिका देताना नागभीडमधली माणसं जरा बिचकत. सर स्टेजवर चढायचे, अक्षता टाकायचे, नवरा-नवरीला क्षणभर निरखायचे आणि निदान सांगून मोकळे व्हायचे. आमच्या शाळेतल्या क्लार्कच्या मुलीच्या लग्नात भर मांडवात म्हणाले, "हा आयनिक बंध आहे. एक देऊन राह्यली, दुसरा घेऊन राह्यला. दिसाले लय कडक, पण हातोडी मारली का भुगा!" त्या दिवशी नवरीच्या आईनं सरांच्या पंगतीत जिलबी फिरकू दिली नाही.

सर नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे, मी मराठी. रासायनिक बंध हा त्यांचा जीव की प्राण. एका सायकलवर येणाऱ्या दोन मुली म्हणजे सहसंयुज, "दोघीयची मिळून एकच." धानाच्या रोवणीला एका बांधीत चिखलात उतरलेल्या बाया म्हणजे धातू. "कोणाचं इलेक्ट्रॉन कोणाकडं, पत्ता नाई. म्हणून ठोका, वाकवा, तुटत नाई!" हेडमास्तरांना ते निष्क्रिय वायू म्हणत, पण हे जरा हळू आवाजात.

सरांना मूलबाळ नव्हतं. घरी ते आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई. त्या बाईंच्याच किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी चंद्रपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि सरांची निदानं थांबली. लग्नाला जाणंच थांबलं.

स्टाफरूममध्ये आम्ही सगळे डबे मधे ठेवून जेवायचो. सर आता खिडकीशी बसून एकटेच जेवू लागले. एकदा मी त्यांच्या डब्यातली वांग्याची भाजी हक्कानं उचलली. घास तोंडात फिरेना.

"सर, मीठ राहिलं वाटतं."

"राह्यलं नाई. बंद आहे."

"ते बाईंना बंद आहे ना? तुम्हाला काय झालंय?"

"एका घरात दोन भाज्या काऊन शिजवाच्या?"

मी माझा डबा पुढं सरकवला. त्यांनी तो तसाच परत सरकवला. "नको मॅडम. दुपारी इथी चवीचं खाल्लं का संध्याकाळी घरी घास उतरत नाई. अन् ती जेवताना माह्या तोंडाकडे पाहात बसते."

त्यानंतर मी आग्रह केला नाही.

पुढं बाई फारच खंगल्या, तेव्हा भेटायला गेले. सर चहा ठेवायला आत गेले, तशी बाईंनी माझा हात धरला.

"मॅडम, तुमचे लय उपकार. घरी हे माह्यासाठी अळणी खातेत. पण शाळेत तुमच्या डब्यातलं खातेत म्हणून मले घोर नाई. खातेत ना?"

आत कपबशा वाजत होत्या. मी म्हटलं, "रोज खातात, बाई. आम्हालाच पुरत नाही."

त्या हसल्या. किती दिवसांनी हसल्या असतील, देव जाणे.

दिवाळीच्या आधी बाई गेल्या. अस्थी घेऊन आम्ही मार्कंड्याला गेलो. गाडी माझे यजमान चालवत होते. सर वैनगंगेत गुडघाभर पाण्यात उतरले, हंडी रिकामी केली आणि तिथंच उभे राहिले. बराच वेळ झाला म्हणून यजमानांनी जाऊन खांद्यावर हात ठेवला.

"हाडं आहेत भाऊ," सर वर्गातल्या आवाजात सांगू लागले, "कॅल्शियम फॉस्फेट. पोरायले मी शिकवतो, आयनिक पदार्थ पाण्यात विरघळते म्हणून. पण सारेच नाई विरघळत." आणि मग वाकून त्यांनी पाण्यात हात घातला. काय शोधत होते कोण जाणे. यजमानांनी त्यांना धरून काठावर आणलं.

सर शाळेत येऊ लागले, तरी डबा तसाच. आता स्वतःच शिजवायचे, अळणीच. मीठ घालायला कुणाची मनाई नव्हती. कुणी सांगायला जायचं तरी कसं?

शेवटी एक दिवस मी दोन डबे घेऊन गेले. एक त्यांच्यासमोर उघडून ठेवला. वरण, भात, वाळकाची भाजी. सरांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ जास्त झालं का, सर?"

"नाई. बरोबर आहे." थोड्या वेळानं खाली बघतच त्यांनी विचारलं, "तिनं तुम्हाले विचारलं होतं काय? शाळेत खातेत का म्हणून?"

"विचारलं होतं."

"मंग?"

"रोज खातात म्हणून सांगितलं."

सरांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "बरं केलं, मॅडम," म्हणाले. नाकातून पाणी वाहत होतं, ते शर्टाच्या बाहीनं पुसत त्यांनी सगळा डबा संपवला. शाळेच्या नळावर जाऊन स्वच्छ घासला, रुमालानं कोरडा केला आणि माझ्या हातात देताना, मान दुसरीकडे वळवून, विचारलं,

"उद्या बी आणाल काय?"