धामणीच्या कातीचं लायसन्स

एका जंगलात एक दरी होती. दरी इतकी खोल, की दुपारचं ऊनसुद्धा खाली उतरायचा कंटाळा करायचं. त्या दरीतल्या एका कपारीत सगळ्या जंगलाचं धान्याचं कोठार होतं. मुंग्या, खारी, चिमण्या, होले आपापला दाणा उन्हाळाभर तिथं आणून टाकायचे आणि पावसाळाभर काढून खायचे. पाऊस सुरू व्हायच्या आत तुमच्या घरी डबे भरून ठेवतात ना, तसंच. ठेवत नसतील तर जाऊ द्या, गोष्ट अडत नाही.

कोठाराची राखण एक धामण करायची. धामण म्हणजे साप, पण बिनविषारी. तेव्हा मुलांनो, पाय खाली सोडून बसायला हरकत नाही. तिला दाण्याचा काही उपयोग नव्हता. ती दाणे खाणारे उंदीर खायची. कोठाराला राखण मिळायची आणि तिला जेवण, आणि या व्यवहाराला अजून कुणी योजना म्हणत नव्हतं. धामणीचा कोठारावर फार जीव. भर पावसात भिजत आलेली एखादी खार गालांत दाणे भरून निघाली, की धामणीला आपलंच पोट भरल्यासारखं वाटायचं.

एका वर्षी सिंहमहाराज शेजारच्या जंगलात परिषदेला गेले. परिषदेला गेलेला राजा रिकाम्या हातानं परतत नाही. महाराज ‘मूषकदृष्टी’ घेऊन आले.

मूषकदृष्टी हे एक सॉफ्टवेअर होतं. ते एका चपट्या यंत्रात भरलेलं होतं. यंत्रापुढून कुणी गेलं, की तो उंदीर आहे की नाही, हे यंत्र मोठ्यानं सांगायचं. धामणीला ते अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच कळत होतं, पण तिच्याकडे त्याचं प्रमाणपत्र नव्हतं. दरबारातून हुकूम सुटला, की यापुढे यंत्रानं उंदीर म्हटल्याशिवाय कोणत्याही उंदराला धरायचं नाही. एखाद्या निष्पाप जिवाला त्रास होऊ नये, हा हेतू. हेतू चांगला होता. हेतू नेहमी चांगलाच असतो.

धामण नियमानं चालणारी. तिनं यंत्र कपारीत आणून ठेवलं. यंत्र म्हणालं, इंटरनेट जोडा. आता त्या दरीत रेंज कुठून यायची? तिथं कोकिळेचा आवाजसुद्धा धड पोचत नव्हता. धामणीनं यंत्र या दगडावर ठेवून पाहिलं, त्या दगडावर ठेवून पाहिलं, उलटं करून पाहिलं. शेवटी ती टेकडी चढायला लागली.

टेकडीवर मूषकदृष्टी बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस होतं आणि ऑफिसात एक बगळा होता. तो एका पायावर, डोळे मिटून उभा असायचा. तो विचार करतो की झोपतो, हे कंपनीलाही माहीत नव्हतं. त्यानं धामणीचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काळजीचं कारण नाही, म्हणाला. तुमच्यासारख्या आडबाजूच्या लोकांसाठी आमच्याकडे ऑफलाइन लायसन्स आहे. एकदा चालू केलं, की पुन्हा इंटरनेटचं तोंड बघायला नको. यंत्र तुमच्या अंगावरच्या खवल्यांची नक्षी पाहील आणि एक कोड देईल. तो कोड घेऊन वर यायचं. आम्ही उत्तराचा कोड देऊ. तो घेऊन खाली जायचं आणि यंत्रात घालायचा.

“म्हणजे इंटरनेटशिवाय चालवायचं असेल, तर आधी इंटरनेटपाशी यायचं,” धामण म्हणाली.

बगळ्यानं एक डोळा उघडला. “तुम्हाला लवकर समजलं. बऱ्याच जणांना समजत नाही.”

धामण खाली आली. यंत्रानं दिलेला कोड लांबलचक होता. धामणीला हात नाहीत, मग लिहून कसा घेणार? तिनं तो पाठ केला आणि पुटपुटत टेकडी चढू लागली. वाटेत मोर भेटला. कुठं निघालात, म्हणून त्यानं सहज विचारलं. धामण संस्कारी, तिनं उत्तर दिलं. उत्तर देऊन होईपर्यंत कोड विसरली. ती परत खाली गेली. दुसऱ्या खेपेला ती वाटेत कुणाशी बोलली नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. लायसन्स मिळायच्या आतच धामणीला शिंगं फुटली, असा जंगलभर बोभाटा झाला. उत्तराचा कोड घेऊन उतरतानाही तिनं तोंड गच्च मिटून घेतलं होतं. मग शेपटीच्या टोकानं एकेक आकडा दाबला आणि यंत्रावर हिरवा दिवा लागला.

यंत्र म्हणालं, स्वागत आहे. हे लायसन्स फक्त याच अंगासाठी आहे.

हे ऐकून धामणीला बरं वाटलं. आपल्या अंगाची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती.

त्यानंतर सगळं सुरळीत चाललं, हे कबूल करायला हवं. उंदीर यायचा, यंत्र उंदीर म्हणायचं, धामण जेवायची. पुढच्या उन्हाळ्यात कोठार पुन्हा काठोकाठ भरलं. मुंग्या खूश, खारी खूश. महाराजांनी तर आणखी एका परिषदेचं आमंत्रण स्वीकारलं.

मग धामणीचं अंग आवळायला लागलं. डोळ्यांवर दुधासारखी साय आली. सापांचं हे असं होतंच. लहानपणीचा सदरा तुम्हाला होत नाही, तसंच ते. तिनं एका खडबडीत दगडाला तोंड घासलं आणि हळूहळू जुन्या कातीतून बाहेर आली. कात तिथंच पडली, अख्खी, शेपटीपर्यंत. धामण नव्या अंगानं चकाकत कामावर गेली.

यंत्र म्हणालं, आपण कोण?

धामण पुढे सरकली. उजवी बाजू दाखवली, डावी दाखवली. आपली नोंद नाही, यंत्र म्हणालं. परवानाधारकास बोलवा.

धामण पुन्हा टेकडीवर. बगळ्यानं विचारलं, कात टाकण्याआधी लायसन्स डिॲक्टिव्हेट केलं होतं का? जुन्या अंगावरून आधी ते सोडवायचं आणि मग नव्या अंगाला जोडायचं, असं अटींमध्ये स्पष्ट होतं. अटी जंगलात कुणीच वाचल्या नव्हत्या. बगळ्यानंही वाचल्या नव्हत्या, त्यानं पाठ केल्या होत्या. आता एकच उपाय राहिला होता. ज्या अंगाच्या नावावर लायसन्स आहे, त्या अंगानं स्वतः यंत्रापुढे येऊन ‘मी हक्क सोडते’ हे बटण दाबायचं.

“पण ती कात आहे,” धामण म्हणाली. “ती रिकामी आहे.”

“ती परवानाधारक आहे.”

“मग मी कोण?”

“नियमानं पाहिलं, तर तुम्ही त्यांची विनापरवाना प्रत. आम्ही तुमच्यावर कारवाई करत नाही, हे आमचं सौजन्य समजा.”

नवं लायसन्स हवं तर दरबाराची मंजुरी लागत होती आणि दरबार पावसाळ्यानंतर भरायचा होता. पाऊस तर तोंडावर आला होता. धामण टेकडी उतरली आणि उतरताना रडली. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

कोठाराच्या दाराशी उंदरांचा मुकादम तिची वाट पाहत बसला होता. नियम त्यालाच सगळ्यांत चांगले कळायचे. त्यानं लवून नमस्कार केला. “धामणबाई, आम्हाला धरायला आमची ना नाही,” तो म्हणाला. “फक्त नियमात बसवून धरा.” आणि तिच्या नाकासमोरून तो आत गेला. त्याच्यामागून त्याची बायको गेली, मेहुणे गेले, व्याही गेले.

आता तुमच्यातला एखादा आगाऊ विचारेल, की तिनं सरळ झडप का घातली नाही? अरे बाबा, ती सज्जन होती. सज्जनांचं घोडं इथंच पेंड खातं.

धामणीनं जुन्या कातीत परत शिरून पाहिलं. मानेपर्यंत गेली आणि अडकली. वाढलेलं अंग लहान करायची विद्या कुणाकडेच नसते. मग तिला एक युक्ती सुचली. तिनं कात तोंडात धरून ओढत आणली आणि यंत्रापुढे नीट लांब करून ठेवली.

हिरवा दिवा लागला. यंत्र म्हणालं, स्वागत आहे. बऱ्याच दिवसांनी येणं केलंत.

यंत्र कातीला सांगायचं, उंदीर. कात काही करायची नाही. मागून धामण झेप घ्यायची. असा एक दिवस फार छान गेला. धामण पोटभर जेवली. कोठारातला दाणा कोठारात राहिला. मुलांनो, गोष्ट इथं संपवली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

मुकादमानं दरबारात तक्रार केली, की कोठारात एक विनापरवाना प्राणी राहतो. तपासाला तरस आला. त्यानं यंत्र पाहिलं, हिरवा दिवा पाहिला, दिव्यापुढे शिस्तीत पडलेली कात पाहिली. तिला त्यानं सलाम ठोकला. मग त्याची नजर धामणीकडे गेली. तिच्या तोंडातून अजून एक शेपूट बाहेर लोंबत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तरसानं बसल्या जागी करून दाखवलं. धामणीला दरीतून बाहेर काढण्यात आलं. निदान दाराशी बसू द्या, ती म्हणाली. मी कुणाला धरणार नाही, नुसती फुसफुसेन. तरसानं विचार केला आणि सांगितलं, की फुसफुसणंही राखणीतच मोडतं.

ती दरीच्या काठावर एका दगडावर जाऊन बसली. खालून यंत्राचा आवाज येत राहिला. उंदीर. उंदीर. उंदीर. यंत्र दमत नव्हतं. धामण ऐकत होती आणि तिला कोठारातली एकेक रास खाली बसताना समजत होती.

पाऊस आला. खारी दरीत उतरल्या आणि रिकाम्या गालांनी वर आल्या. मुंग्यांच्या रांगा गेल्या, त्या फोलपटं घेऊन परतल्या. मग मात्र दरबार पावसाळ्यातच भरला. भूक लागली की मंजुऱ्या लवकर निघतात, पण तेव्हा मंजूर करायला काही शिल्लक नसतं.

महाराज फार कष्टी झाले होते. बगळ्यानं यंत्राची नोंद वाचून दाखवली. आलेला प्रत्येक उंदीर यंत्रानं अचूक ओळखला होता. एकाही निष्पाप जिवाला धक्का लागला नव्हता. दोषींचं काय झालं, असा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. आणि परवानाधारक राखणदारीणबाईंनी एकही दिवस रजा घेतली नाही, घासभर खाल्लं नाही, जागा सोडली नाही. महाराजांचा ऊर भरून आला. असा सेवक आपण कुठल्याच जंगलात पाहिला नाही, ते म्हणाले. कातीचा जाहीर सत्कार ठरला.

कातीला चालता येत नव्हतं, म्हणून तिला आणायला धामणीलाच बोलावलं. धामण आपली कात आपल्याच पाठीवर घेऊन आली. समोर मुंग्या बसल्या होत्या. खारींच्या ओळीत बऱ्याच जागा मोकळ्या होत्या. धामणीनं तिकडे एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

“ही तुझी कोण?” महाराजांनी विचारलं.

“मी हिच्यातून बाहेर पडले, महाराज.”

“मग बाहेर पडायची एवढी घाई कशाला केलीस?”

धामणीनं कात पाठीवरून उतरवून त्यांच्यापुढे लांब करून ठेवली. महाराजांनी स्वतःच्या हातानं कातीला हार घातला. हार झेंडूचा होता आणि पावसानं भिजून जड झाला होता. कात मधोमध फाटली आणि तिचा भुगा झाला.

बगळ्यानं एक डोळा उघडला. परवानाधारक हयात नसल्यामुळे लायसन्स कायमचं बंद झाल्याचं त्यानं जाहीर केलं आणि डोळा मिटला. दरबारानं कातीसाठी उभं राहून शांतता पाळली. जवळची नातेवाईक म्हणून धामणीला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. मुंग्यांनीही माना खाली घातल्या. पोट रिकामं असलं, की त्या आपोआपच खाली जातात.

तात्पर्य : जो खात नाही, हलत नाही आणि वाढत नाही, त्याच्यावरच जबाबदारीचं काम सोपवावं. आणि मुलांनो, तुम्हाला मोठं व्हायचंच असेल, तर आधी टेकडीवर जाऊन विचारून या.