चढवलेले सहा

शोकसभा अकराची होती आणि साडेदहालाच चष्मेवाल्याच्या यंत्रावरचा लाल दिवा लागला.

यंत्र गिटारचं. बुटांच्या खोक्याएवढी लोखंडी पेटी, जमिनीवर ठेवायची, पायानं बटणं दाबायची. आत निरनिराळ्या दोनशे अँप्लिफायरांची सोंगं भरलेली. खऱ्या जुन्या अँप्लिफायरवर आवाज जास्त झाला की तो गोड गुरगुरतो आणि लोक त्यालाच संगीत म्हणतात. या पेटीचं तसं नाही. तिच्या आत आकड्यांना छत आहे. आवाज छताला लागला की वरचा भाग सरळ छाटला जातो, लाल दिवा लागतो आणि स्पीकरमधून पत्रा कापल्यासारखं काहीतरी बाहेर येतं. माइकवाले त्याला 'आवाज फाटला' म्हणतात.

"हात जड पडतोय," चष्मेवाला म्हणाला. "दुःखाचा हात आहे, दुसरं काही नाही."

"असेल," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं कानातला कापूस आणखी आत सारला.

डॉक्टर दातांचा. बँडमध्ये ड्रम वाजवायचा. दिवसभर लोक त्याच्यासमोर तोंड उघडून गप्प बसत, त्याची भरपाई तो रविवारी करायचा. बेसवर मोजणीदार. तो जमिनी मोजायचा आणि शब्दही मोजूनच खर्च करायचा. गिटार चष्मेवाल्याकडे, कारण चष्म्याच्या दुकानामागची तालमीची खोली त्याची. आणि गायचा लिफ्टवाला.

लिफ्टवाला नऊ दिवसांपूर्वी गेला. लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून सव्वीस वर्षं खपलेला माणूस. बंद पडलेली लिफ्ट सुरू करायला म्हणून जिन्यानं पाचवा मजला चढला आणि तिथेच छातीला हात लावून बसला. खाली आणायलाही जिनाच होता.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, दुकानात आल्या. काउंटरवर फोन ठेवला. लिफ्टवाल्यानं कधीतरी रिकाम्या लिफ्टमध्ये उभं राहून, दार लावून, त्यांच्या बँडचं नेहमीचं गाणं एकट्यानंच म्हणून ठेवलं होतं.

"ह्यांचा एवढाच आवाज राहिलाय," त्या म्हणाल्या. "सभेत हा लावायचा. तुम्ही तिघांनी खाली हळू वाजवायचं. तीन वर्षं मी पहिल्या रांगेत बसले, भावजी, पण मला ह्या गाण्याचे शब्द माहीत नाहीत."

"वहिनी, मी..."

"तक्रार नाही करत. एकदा शब्द ऐकू द्या, एवढंच म्हणतेय. परत मला हे लावायला जमेल असं वाटत नाही."

चष्मेवाल्यानं शब्द दिला. तो मनापासून दिला होता, कारण लिफ्टवाल्याचं शेवटचं बोलणं त्याच्या कानात अडकून बसलं होतं. शेवटच्या तालमीला, बूट घालता घालता तो म्हणाला होता, "तुझी गिटार बरी आहे रे, पण ती माझ्या डोक्यावर बसते." त्यावर चष्मेवाला म्हणाला होता, "डोकं बाजूला घे मग." यानंतर माणूस मरेल हे काही त्याला माहीत नव्हतं.

आता या यंत्राची एक खोड होती. ते आवाज खायचं. चष्मेवाला दर तालमीला अंगठ्यानं बारीक चाक फिरवून आवाज सहानं वर चढवायचा आणि पुढच्या तालमीला तो बरोब्बर सहानं खाली आलेला असायचा. सहा म्हणजे सहा डेसिबल. बँडमध्ये नुसतंच 'सहा' म्हणत. त्यानं दुकानदाराला तीनदा यंत्र दाखवलं. दुकानदारानं तिन्ही वेळा आतली प्रणाली नवी करून दिली आणि यंत्रात काही दोष नाही असं सांगितलं. चष्मेवाल्यानं विजेच्या दाबाला दोष दिला, हवेला दिला आणि अखेर सोडून दिलं. तालमीला आलं की पेटी लावायची, सहा चढवायचे आणि शेजारी चहा सांगायला जायचं. कार्यक्रमाला गेलं की पेटी लावायची, सहा चढवायचे आणि धास्तीनं एकदा मोरीकडे जाऊन यायचं. आकडा बघायची गरजच उरली नव्हती. अंगठ्याला सहा खटके पाठ होते. शिवाय बँडबरोबर असताना तो चष्मा लावत नसे. दिवसभर चष्मे विकणाऱ्याची तेवढीच चैन.

लिफ्टवाला गेल्यानंतरच्या पहिल्या तालमीला त्यानं सहा चढवले. दुसऱ्या तालमीला सहा चढवले. त्या दिवशी खिडकीची काच थरथरत होती, पण चष्मेवाल्याचे डोळे भरलेले होते, म्हणून कोणी काही बोललं नाही. डॉक्टर घरी जाताना कापूस घेऊन गेला.

आणि आज सभागृहात, माइकवाल्यानं वायर जोडून दिल्यावर, त्यानं सहा चढवले.

अकराला माणसं स्थिर झाली. टेबलावर लिफ्टवाल्याचा फोटो, पहिल्या रांगेत वहिनी, हातात घडी केलेला रुमाल. लिफ्टच्या कंपनीच्या साहेबांनी दोन मिनिटं भाषण केलं आणि त्यात 'वर' हा शब्द कटाक्षानं टाळला. मग मागून माइकवाल्यानं फोन लावला.

लिफ्टवाल्याचा आवाज आला. जरासा पोकळ, लोखंडी डब्यातून आलेला, पण त्याचाच. वहिनींनी रुमाल तोंडाशी नेला. पहिली ओळ सगळ्यांना कळली. दुसरी ओळ संपता संपता चष्मेवाल्यानं मुंगीच्या पावलानं पहिली तार छेडली.

सभागृहात पत्रा फाटला.

लाल दिवा लागला तो विझेना. चष्मेवाल्यानं घाईघाईनं पेटीच्या माथ्यावरचं मोठं बटण अर्ध्यावर आणलं. आवाज लहान झाला, पण फाटलेलाच राहिला, कारण तो आतच फाटत होता आणि मोठं बटण दाराबाहेरचं होतं. फाटलेल्या चादरीची घडी घातली, एवढंच झालं. मागे माइकवाल्याला दिसलं की गिटार खाली गेली. बिचाऱ्याचा हात चालत नसेल, असं त्याला वाटलं आणि त्यानं आपल्याकडची गिटारच्या आवाजाची पट्टी वर सरकवली. चष्मेवाल्यानं बटण आणखी उतरवलं. माइकवाल्यानं आणखी सरकवली. दोघंही चांगली माणसं होती आणि दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होती.

तिसरी, चौथी आणि पाचवी ओळ कोणालाच कळली नाही.

"कमी कर," डॉक्टर ड्रमवरून ओठ हलवून म्हणाला.

"करतोय," चष्मेवाला म्हणाला.

"चाक. चाक फिरव."

ते बरोबर होतं. चाक आतलं होतं. चष्मेवाला गुडघ्यावर बसला, बिनचष्म्याच्या डोळ्यांनी पेटीकडे पाहिलं, काही दिसलं नाही, म्हणून त्यानं सगळा भार अंगठ्यावर टाकला. अंगठ्याला तीन वर्षं एकच दिशा माहीत होती. त्यानं इमानानं सहा खटके चढवले.

पुढचं सगळ्यांनी आपापल्या परीनं सांगितलं. उजवा स्पीकर धूर न काढता मेला, यावर सर्वांचं एकमत आहे. टेबल हादरलं आणि फोटो तोंडावर पडला. मागच्या रांगेत कुणीतरी लांबचा काका शेजाऱ्याला म्हणाला, "जिवंतपणी गाऊ दिलं नाही, निदान आता तरी." शांतता झाली तेव्हा फोनवरचं गाणं संपलं होतं.

चष्मेवाला बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला. थोड्या वेळानं डॉक्टर आला, कापूस काढून खिशात ठेवला आणि शेजारी बसला.

"यंत्र बिघडलंय," चष्मेवाला म्हणाला. "आवाज खाणारं यंत्र आजच का ओकलं?"

"तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"तू चहा सांगायला जायचास ना, तेव्हा तो उठून सहा कमी करायचा. कार्यक्रमात तू मोरीकडे जायचास तेव्हाही. दर वेळी."

चष्मेवाल्यानं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"तीन वर्षं?"

"आम्हाला वाटलं तुमचं आपसात ठरलंय. तू चढवायचे, त्यानं उतरवायचे. मस्त चाललं होतं."

"मग तो गेल्यावर कुणीतरी सांगायचं."

"काय सांगायचं? रडणाऱ्या माणसाला आवाज कमी कर म्हणून? पहिले सहा, दुसरे सहा, आज सकाळचे सहा आणि मघाचे सहा. चोवीस झाले, मित्रा. एवढ्या मोठ्यानं तू आयुष्यात कधी वाजवलं नव्हतंस. लोक ज्या गिटारला टाळ्या द्यायचे ना, ती त्यानं उतरवलेली."

वहिनी बाहेर आल्या. दोघं उठून उभे राहिले. चष्मेवाल्यानं हात जोडले.

"बसा," त्या म्हणाल्या आणि स्वतःही एक पायरी सोडून बसल्या. "डॉक्टर सांगत होते ते ऐकलं मी. घरीही हेच चालायचं. मी टीव्ही मोठा करायची, हे येता जाता कमी करायचे. मला कळायचंच नाही. मला वाटायचं, टीव्ही जुना झाला."

"वहिनी, शब्द..."

"दोन ओळी कळल्या." त्यांनी रुमालाची घडी पुन्हा घातली. "परवा शेजारचे येऊन गेले. म्हणाले, टीव्ही फार मोठा लागतोय. मी म्हटलं, हो, आता तो लागणारच."

पुढच्या रविवारी चष्मेवाल्यानं तालमीला येताना चष्मा लावला. पेटी लावली, आकडा पाहिला आणि एकेक खटका मोजत चोवीस उतरवले. लिफ्टवाला ठेवायचा तिथे आकडा आणून ठेवला. मग सवयीनं चहा सांगायला गेला. चहावाल्यानं विचारलं, "चार?" तो "तीन" म्हणाला.

परत आला तेव्हा डॉक्टर ड्रमचा एक स्क्रू आवळत होता आणि मोजणीदार छताकडे बघत होता. चष्मेवाल्यानं खाली वाकून पाहिलं. आकडा आणखी बारानं खाली होता. सहा एकाचे, सहा दुसऱ्याचे. दोघांनी एकमेकांना न सांगता केलेलं काम, हे दोघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

त्याचा अंगठा चाकावर गेला, थांबला आणि परत आला.

त्यांनी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. ड्रम आणि बेसपुढे स्पीकरमधली गिटार ऐकूच येत नव्हती. हाताखाली तारांची कोरडी टिकटिक तेवढी व्हायची. लाल दिवा एकदाही लागला नाही. गाणाऱ्याच्या जागेवर माइक उभा होता, चालू होता, आणि आज त्याच्या डोक्यावर कोणी बसत नव्हतं.

"ऐकू येतेय ना गिटार?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"बरोबर येतेय," डॉक्टर म्हणाला.

मोजणीदारानं मान हलवली.