पवनचक्की आणि पोवळ्या बैल यांची हकीकत

श्री गजवदन प्रसन्न. ज्या वाऱ्याने दिवा विझतो आणि त्याच वाऱ्याने चूल पेटते, त्या वायुदेवास प्रथम नमस्कार करून, आणि कुलस्वामिनीचा अंगारा कपाळी लावून, जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकिले ते लिहिते. शके सोळाशे ऐशी, बहुधान्यनाम संवत्सरी, घाटमाथ्याचे पूर्वेस एक राज्य नांदत होते. राज्य धाकटे, परंतु सुखी. आम्ही तेव्हा महाराजांच्या मातुश्री आऊसाहेब यांचे पदरी होतो, त्यांचा पानाचा डबा सांभाळीत असू.

त्या नगरीत सरकारी चक्की होती, तीस सहा बैलजोड्या पाळीपाळीने फिरवीत, आणि साबाजी म्हणून चक्कीवाला त्यांची निगा राखी. नगरीची रीत ऐसी की दसऱ्याचे सकाळी प्रत्येक उंबऱ्यास या चक्कीवरले ताजे बाजरीचे पीठ आणि गुळाचा खडा सरकारातून पोहोचावा, आणि त्याची भाकरी देवास दाखवून मगच लोकांनी सोने लुटावयास निघावे. त्या भाकरीची चव आम्हास आजही आठवते. पीठ हातास कोमट लागे. त्या दिवशी नगरीत श्रीमंत आणि गरीब एकाच पिठाचे जेवीत, आणि त्यात कोणास लाज नव्हती.

ऐसे चालले असता गडामागील डोंगराचे झरे आटू लागले. डोंगर बोडका जाहला होता, हे खोटे नव्हे. बैलांनी गवत मुळापासून खाल्ले, आणि पाणी मुरेना. महाराजांस चिंता पडली. मग त्र्यंबकशास्त्री म्हणून विद्वान होते, ते दरबारी उभे राहून बोलिले की, "महाराज, या डोंगराचा शत्रू बैल. बैल काढावे आणि पवनचक्की उभारावी. वारा फुकट आहे, वाऱ्यास वैरण लागत नाही, वारा डोंगर चरत नाही." शास्त्रीबोवा मनाचे स्वच्छ, लबाडी त्यांच्या ठायी नव्हती. महाराज संतोष पावले. दरबाराची रीत ऐसी की आषाढात मुक्काम गडावर पडावा. शास्त्रीबोवांनी तेथेच कापडाचे शीड लावून वारा मोजिला, आणि तो वारा ऐसा की कारभाऱ्यांचे पागोटे उडोन तळ्यात गेले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्याच मापाने चक्कीचा आराखडा जाहला.

आऊसाहेब चिकाचे पडद्याआडून हे ऐकत होत्या. त्यांणी पुसिले, "शास्त्रीबुवा, वारा पडेल त्या दिवशी कोण दळील?"

"आऊसाहेब, वारा कोठे ना कोठे वाहतोच."

"वाहत असेल हो. पण भाकरी इथं करायची असते."

"तर मग वारा असता दळून ठेवावे, आणि नसता खावे."

"म्हणजे बैलही ठेवायचे नाहीत?"

"बैल ठेविले तर वैरण लागेल, आणि डोंगरही तसाच राहील."

"तेच म्हणते मी. बैल ठेवले तर चक्कीचा खर्च वैरणीच्या वर चढला, आणि न ठेवले तर वारा पडल्या दिवशी उपास. फुकट कुठं उरलं यात?"

दरबार हसला, शास्त्रीबोवाही हसले, परंतु हुकूम सुटला. पवनचक्की गडावर उभी राहिली, तीस दूरदेशचे सुतार आणिले, आणि शिडांस कापड इतके लागले की त्या वर्षी दरबारी लोकांस नवे अंगरखे मिळाले नाहीत. आणि चक्कीचे पीठ महाग पडू लागले, म्हणोन ते घेणारास सरकारातून तेल फुकट द्यावे आणि घरच्या जात्यावर पट्टी बसवावी ऐसे ठरले. मग डांगोरा पिटला की पवनचक्कीचे पीठ सर्वांत स्वस्त. तळ्यावर बायका धुणे धूत होत्या, त्यांत गोदूबाई तांबटीण म्हणाली, "अगं, फुकटच्या वाऱ्याचं पीठ, आणि माझ्या जात्यावर पट्टी! फुकटला एवढे पैसे पडतात हे मला बाई आजच कळलं." दुजी म्हणाली, "तेल मिळतंय ना?" ती म्हणाली, "मिळतंय की. माझ्याच पट्टीतनं येतंय, मलाच मिळतंय."

बैलांचा लिलाव जाहला. पाच जोड्या गेल्या. कोणी नेल्या हे कोणी पुसिले नाही. साबाजीने प्रत्येकाचे कपाळास हळद लाविली. सहावी जोडी राहिली, तीस आऊसाहेबांनी अडविले. तेव्हा महाराजांनी पैज लाविली की, येत्या दसऱ्यास पवनचक्कीने नगरीचा शिधा पुरविला तर ही जोडीही विकावी, आणि जुन्या चक्कीचा दगड फोडून तळ्याच्या पायऱ्या कराव्या. न पुरविला तर जोडी राहील, आणि साबाजी राहील. साबाजी खाली मान घालून बोलिला, "महाराजांची मर्जी. पण दगूड फोडायला मला बोलवू नका जी, एवढंच."

मग पुढील वर्षीचे आषाढ आणि श्रावण उत्तम गेले. चक्की ऐसी फिरे की पाहणारास भोवळ यावी, आणि दाणे संपत परंतु वारा संपेना. शास्त्रीबोवा रोज गडावर जात आणि प्रसन्न मुखाने उतरत. भाद्रपदात वारा खाली बसू लागला. मग त्यांणी घाईने दसऱ्याचे पीठ आधीच दळून रांजणांत भरिले. परंतु बाजरीचे पीठ फार दिवस राहात नाही, हे नगरीतील कोणतीही सून सांगती. तीस पुसिले नाही. आश्विनात रांजण उघडिले तो पीठ कडू जाहलेले. आणि वारा म्हणाल तर पिंपळाचे पान हालेना. शिडे मेलेल्या वटवाघळासारखी लोंबत होती. शास्त्रीबोवांनी गडावर वायुदेवास अभिषेक केला; धूर सरळ वर गेला.

तेव्हा कारभारी शास्त्रीबोवांचे कानी लागले की, "पलीकडल्या राज्यात पीठ विकत मिळते. कोठून आले हे कोण पुसतो? आपल्या राज्यात बैल फिरला नाही म्हणजे जाहले." शास्त्रीबोवा बिचारे अडचणीत, त्यांणी मान हालविली.

दसऱ्याचे सकाळी नगरीच्या वेशीत पिठाच्या गाड्या आल्या. साबाजी तेथेच आपली जोडी घेऊन बसला होता, तिचे गळ्यांत झेंडूच्या माळा, आणि लिलाववाला जवळ उभा. आऊसाहेबांची पालखीही देवीस जाताना तेथे थांबली होती. इतक्यात पहिल्या गाडीचा डावा बैल साबाजीपुढे येऊन उभा राहिला आणि हालेना. गाडीवानाने आसूड उगारिला. साबाजी उठला.

"थांब रं! ... पोवळ्या? आरं, पोवळ्या तू?"

बैलाने मान वळविली आणि साबाजीचा खांदा चाटिला. गाडीवान म्हणाला, "त्याचं नाव आमच्यात राजा हाय."

"नाव कायबी ठेवा पाव्हणं. मान कुणाकडं वळवली ती बघा."

आऊसाहेबांनी पालखीचा पडदा सारिला. "हे पीठ कुणी दळलं, बाबा?"

"ह्यांनीच, आईसाहेब. पाचबी जोड्या आमच्या धन्यानं घेतल्या, तवापास्नं चक्की नुसती पळतीया. दिवसभर दळत्यात आन् तुमच्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला चरत्यात. गवत ब्येस हाय तिकडं. तुमच्याकडनं आता कुणी येत न्हाई नव्हं!"

मग आऊसाहेब देवीस गेल्या नाहीत, तशाच दरबारी आल्या, आणि गाडीवानास पुढे उभे करून त्याजकडून सर्व बोलविले. महाराजांनी शास्त्रीबोवांकडे पाहिले. शास्त्रीबोवा उभे राहिले, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "महाराज, डोंगर बोडका होतो हे मी खरे सांगितले. वारा मात्र आषाढात मोजिला. आणि डोंगरास दुसरी बाजू आहे हे ध्यानात आले नाही. पैज आम्ही हरलो." हे ऐकोन महाराज मोठ्याने हसले, आणि आसनावरून उतरून शास्त्रीबोवांचे पाठीवर हात ठेविला. आऊसाहेब बोलिल्या, "रडू नका हो. तुम्ही रोग बरोबर ओळखलात. औषधाचा खर्च तेवढा आम्हाला सांगितला नाहीत."

त्याच दिवशी ठराव जाहला. साबाजी आणि त्याची जोडी राहिली, दगड राहिला. पवनचक्की मोडिली नाही. आषाढ श्रावणात ती दळील आणि बैल विसावा घेतील, पुढे बैल दळतील आणि शिडे घडी घालून ठेवावी. जात्यावरील पट्टी उठली, फुकट तेलही उठले, आणि गोदूबाईने दोहींबद्दल देवीस नारळ फोडिला. शेजारच्या राजाकडे वकील पाठविला की, डोंगर एक आहे, तर निम्मा तुम्ही एक वर्ष राखा, निम्मा आम्ही राखतो, पुढील वर्षी उलट करावे. आणि त्यांसही पाणी आटल्याची चिंता होतीच, त्यांणी मान्य केले. पोवळ्यास परत मागितले तेव्हा मात्र त्यांणी लिलावाचे दुप्पट घेतले, आणि आऊसाहेबांनी घासाघीस न करिता दिले.

त्या दसऱ्यास भाकरी उशिरा जाहली. लोकांनी उन्हे कलल्यावर सोने लुटिले, परंतु पीठ ताजे होते, विकतचे न वाटिता साबाजीने उरल्या एका जोडीवर दुपारपर्यंत दळिले. संध्याकाळी शास्त्रीबोवा आऊसाहेबांस आपट्याचे पान देण्यास आले आणि हळूच म्हणाले, "आऊसाहेब, वारा फुकट आहे, हे मात्र खरे."

"खरंच की हो, शास्त्रीबुवा," आऊसाहेब म्हणाल्या. "म्हणून तर तो कुणाचं ऐकत नाही. घ्या, भाकरी खा."

एवंच, पुढे दोन पावसाळ्यांनी झरे पुन्हा वाहू लागले, चक्की आणि बैल दोन्ही आपापल्या ऋतूत फिरत राहिले, आणि पोवळ्या म्हातारा होऊन साबाजीचे अंगणात गेला. आम्ही त्यास दर दसऱ्यास पहिली भाकरी भरवीत असू. तो कडू पीठ ओळखी, आणि कडू असले तर तोंड फिरवी. ऐसे हे राज्य सुखाने नांदले. जे पाहिले ते लिहिले, अधिक उणे असेल ते म्हातारपणाचे मानावे.